‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

पावसाळ्यात गोव्यातल्या हॉटेलांना थोडी उसंत मिळते. चार्टर विमानं थांबलेली असतात, खोल्या रिकाम्या असतात, आणि मग कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं लागतात. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत, पणजीतल्या बँकांत, पतसंस्थांतही असं एखादं सत्र वर्षातून कधीतरी होतंच. बाहेरून वक्ता येतो, पडद्यावर उगवता सूर्य असतो, आणि तीन तासांत पुन्हा पुन्हा सांगितलं जातं की विचार सकारात्मक ठेवा, यश आपोआप मागे येईल. चहा-समोसा होतो, सगळे आपापल्या शिफ्टला जातात. दुसऱ्या दिवशी काउंटरवर एखादा पाहुणा आवाज चढवतो, तेव्हा ‘सकारात्मक’ म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणालाच सांगता येत नाही.

मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञांनी गेली पन्नास-साठ वर्षं यावर काम केलंय, आणि त्यातून जे हाती आलंय ते अशा सत्रांत ऐकू येणाऱ्या गोष्टींपेक्षा वेगळं आहे, जास्त उपयोगी आहे आणि जास्त माणुसकीचंही आहे. विशेषतः ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात त्यांनी ते समजून घ्यायलाच हवं. मग तो कळंगुटच्या हॉटेलातला ड्यूटी मॅनेजर असो, डिचोलीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका असोत, की फोंड्याच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर.

दोन अभ्यास, दोन उलटी उत्तरं

1980 च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मार्टिन सेलिगमन यांनी अमेरिकेतल्या मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीच्या एजंटांचा अभ्यास केला. विम्याचं काम कसं असतं हे ज्यांच्या घरात एलआयसीचा एजंट आहे त्यांना सांगायला नको. बहुतेक लोक ‘बघू, दिवाळीनंतर या’ म्हणून वाटेला लावतात, आणि तरी पुढचा फोन करायचा असतो. सेलिगमन यांच्या चाचणीत आशावादाच्या बाबतीत वरच्या अर्ध्यात आलेल्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत खालच्या अर्ध्यातल्यांपेक्षा 37 टक्के जास्त विमा विकला.

आता दुसरी बाजू. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांना विचारलं, की नोकरी लागल्याची सुखद चित्रं तुमच्या डोळ्यांसमोर किती वेळा येतात? दोन वर्षांनी त्यांची परिस्थिती तपासली. ज्यांच्या मनात अशी चित्रं जास्त येत होती, त्यांनी अर्ज कमी पाठवले होते, त्यांच्याकडे नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि त्यांचा पगारही कमी होता. 2002 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणजे एकीकडे आशावादी माणसं पुढे जाताना दिसतात आणि दुसरीकडे गोड विचार करणारी मागे पडताना. ही दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. कारण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत आणि आपण त्या दोन्हींवर ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ हे एकच लेबल चिकटवलंय.

अपेक्षा वेगळी, स्वप्नरंजन वेगळं

ओटिंगेन यांनी त्याच पदवीधरांना आणखी एक प्रश्न विचारला होता: नोकरी मिळण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? ज्यांना ती जास्त वाटत होती, त्यांचं पुढे खरोखर चांगलं झालं. म्हणजे ‘आजवरचा अनुभव बघता मला हे जमेल’ ही अपेक्षा माणसाला पुढे नेते. ‘जमलंय, मी केबिनमध्ये बसलोय, लोक अभिनंदन करतायत’ हे मनातलं चित्र मात्र त्याला जागच्या जागी बसवतं.

असं का होतं? न्यूयॉर्क विद्यापीठात हेदर कॅपस आणि ओटिंगेन यांनी केलेल्या प्रयोगांत (2011) दिसलं, की इच्छा पूर्ण झाल्याचं चित्र रंगवत असताना माणसाचा वरचा रक्तदाब खाली येतो. शरीर सैलावतं. काम झालंय असंच त्याला वाटतं. आराम हवा असेल तर हे उत्तम, पण उद्या मुलाखत असेल तर त्या वेळी अंगात थोडा ताण, थोडी धग असायला हवी.

यावर ओटिंगेन यांनीच उपाय शोधला, आणि तो कुणालाही करता येतो. आधी इच्छा ठरवायची. ती पुरी झाली तर काय मिळेल ते मिनिटभर मनात आणायचं. आणि लगेच, तिथेच न रेंगाळता, माझ्या आतला कोणता अडथळा यात येणार आहे ते शोधायचं. शेवटी त्या अडथळ्याला बांधलेला एक बेत करायचा: ‘असं झालं, तर मी तसं करीन.’

समजा वेर्ण्यातल्या कारखान्यातल्या एका तरुण सुपरवायझरला दर सोमवारच्या बैठकीत वरिष्ठांसमोर बोलायचंय. त्याची अडचण इंग्रजीची नाही, हे त्याने आधी स्वतःशी कबूल करायला हवं. खरा अडथळा असा, की पहिल्या प्रश्नालाच त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो ‘सर, चेक करून सांगतो’ म्हणून मोकळा होतो. मग त्याचा बेत असा: ‘पोटात गोळा आला, की मी वहीतला पहिला आकडा मोठ्याने वाचीन.’ एवढंच. आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ असं पन्नास वेळा म्हणण्यापेक्षा हे एक वाक्य त्याला जास्त दूर नेईल.

अपयशाचा अर्थ कोण सांगतो?

आता पुन्हा विमा एजंटांकडे. सेलिगमन यांची चाचणी ‘तुम्ही किती आनंदी आहात’ हे विचारतच नव्हती. वाईट काही घडलं, की तुम्ही स्वतःला त्याचं कारण काय सांगता, हे ती तपासत होती. मानसशास्त्रात याला स्पष्टीकरणाची शैली म्हणतात. तिच्यात तीन गोष्टी बघितल्या जातात. हे कायमचं आहे की आजच्यापुरतं? हे सगळीकडेच आहे की या एका जागी? आणि हा माझ्यातलाच दोष आहे की परिस्थितीचाही त्यात हात आहे?

दुपारचे अडीच वाजलेत. दाबोळीला आणि मोपाला दोन विमानं थोड्याथोडक्या अंतराने उतरलीत. लॉबीत पुण्याचं एक कुटुंब सामानासकट उभं आहे, लहान मूल किरकिर करतंय, आणि दोन वाजता मिळायची खोली अजून तयार नाही. काउंटरवरची मुलगी हाउसकीपिंगला तिसऱ्यांदा फोन लावते. पलीकडून उत्तर येतं, ‘मॅडम, चादरी लाँड्रीतून आत्ताच आल्या, वीस मिनिटं द्या.’ पाहुणे चिडतात. रात्री इंटरनेटवर दोन तारे पडतात आणि त्याखाली तिच्या नावासकट चार ओळी.

ती मुलगी स्वतःशी म्हणू शकते, ‘मला हे काम जमतच नाही, लोकांशी बोलणं हा माझा पिंडच नाही.’ किंवा म्हणू शकते, ‘आज दोन विमानं एकदम आली, चादरी उशिरा आल्या. आणि हो, येणाऱ्यांची यादी मी बाराला बघून ठेवायला हवी होती.’ दुसऱ्या उत्तरात तिने स्वतःची चूक झाकलेली नाही, उलट तिला नेमकी जागा दिली आहे. पहिल्या उत्तरात चूक सापडतच नाही, सापडतो तो फक्त स्वतःबद्दलचा निकाल. जी दुसरं उत्तर देते ती उद्या बाराला यादी बघेल. जी पहिलं देते ती उद्या कामावर येताना बसमध्येच थकलेली असेल.

आणि इथेच नेतृत्वाचा संबंध येतो. सकाळच्या ब्रीफिंगला मॅनेजर काय बोलतो? ‘तुझं हे नेहमीचंच आहे’ या चार शब्दांत कायमचं आणि तुझ्यातलंच, असे दोन शिक्के बसतात. ‘काल अडीच ते तीनच्या मध्ये आपण कुठे अडकलो?’ या प्रश्नात जागा आहे, वेळ आहे, आणि ‘आपण’ आहे. ओरडा दोन्हीकडे असू शकतो, मॅनेजरने हसलंच पाहिजे असं काही नाही. पण हाताखालची माणसं अपयशाचा अर्थ बहुतेक वेळा वरच्या माणसाच्या तोंडून उचलतात. सकारात्मक नेता म्हणजे कोण, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन: ज्याच्या तोंडून अपयशाचा असा अर्थ निघतो, की ज्यावर उद्या काहीतरी करता येईल.

‘तू करू शकतोस’ म्हणून भागत नाही

सेलिगमन यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते 1967 च्या एका प्रयोगामुळे. त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर तो केला, आणि आज तो वाचताना वाईट वाटतं. काहीही केलं तरी विजेचा धक्का थांबत नाही असा अनुभव घेतलेली बरीचशी कुत्री, नंतर सुटकेची वाट समोर असूनही जागची हलली नाहीत. यातून कल्पना पुढे आली की असहायता शिकली जाते.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी स्वतःचं जुनं म्हणणं उलटं करून मांडलं. मेंदूवरच्या पुढच्या संशोधनातून दिसलं, की सतत त्रास होत राहिला तर गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं. संशोधकांनी आपलंच गाजलेलं विधान असं मागे घ्यावं, याबद्दल मला फार आदर वाटतो. शिवाय याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. तुमच्या ऑफिसातला जो माणूस ‘काही उपयोग नाही हो’ म्हणत बसलाय, त्याच्यात काही बिघडलेलं नाही. त्याला आपल्या करण्याने काही बदलल्याचा अनुभव बऱ्याच दिवसांत मिळालेला नाही.

असा अनुभव कसा मिळतो यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 पासून लिहिलं. ‘हे विशिष्ट काम मला जमेल’ या भरवशाचे त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं बघणं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. चौघांत सगळ्यात जोरकस पहिला. आपल्या प्रशिक्षण सत्रांचा भर मात्र जवळजवळ सगळा तिसऱ्यावर असतो.

पहिला उगम कसा वापरायचा हे गोव्याच्या गावागावांतल्या नाटकवाल्यांना न शिकवता येतं. जत्रेच्या नाटकाची तालीम रात्री देवळाच्या सभामंडपात चालते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही जा. दिवसा मिनीबस चालवणारा, पंचायतीत कारकून असणारा, काजूच्या बागायतीत राबणारा, असे सगळे तिथे जमतात. नवीन पोराला दिग्दर्शक पहिल्या वर्षी भालदार करतो. एकच वाक्य, तेही घोषणेचं. पुढच्या वर्षी तो दूत होतो, वाट्याला अर्धं पान येतं. त्याच्यापुढे कधीतरी सेनापती, आणि मग लांबलचक स्वगत. पोरगा अडखळला की दिग्दर्शक ‘तू ग्रेट आहेस’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘थांब. त्या “परंतु”वर श्वास घे. परत म्हण.’ पोरगा परत म्हणतो, आणि जमतं. पेटीवाला मास्तर मान हलवतो. जत्रेच्या रात्री अख्ख्या गावासमोर उभं राहायची हिंमत त्या पोराला तिथे मिळते, त्या ‘परत म्हण’मध्ये.

ऑफिसात याचं रूप फार साधं आहे. नव्या माणसाला आधी एका छोट्या गोष्टीची पूर्ण जबाबदारी द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, मध्ये हात घालायचा नाही. ती पार पडली की थोडी मोठी द्या. आणि अडखळला तर नेमकं कुठे ते सांगा.

साहेबाचा मूड आणि बाकीच्यांचं काम

मूड संसर्गासारखा पसरतो, हे सिगाल बार्सेड यांनी 2002 मध्ये प्रयोगाने दाखवलं. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना बोनसचे पैसे वाटून द्यायचं लुटुपुटुचं काम दिलं, आणि प्रत्येक गटात एक नट गुपचूप पेरला. कुठे तो उत्साही असे, कुठे मरगळलेला, कुठे चिडका. गटाचा मूड त्याच्या मागे गेला. चांगल्या मूडच्या गटांत सहकार्य वाढलं, भांडणं कमी झाली.

2005 च्या आणखी एका प्रयोगात थॉमस साय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटाच्या नेत्याचाच मूड बदलून बघितला. नेता खुशीत असला की गटाचा ताळमेळ चांगला जमला. पण नेता वैतागलेला असला की लोकांनी अंगमेहनत जास्त केली! हे निरीक्षण मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण ‘थोडं डाफरल्याशिवाय काम होत नाही’ असं मानणाऱ्या साहेबांच्या हातात पुरावा असल्यासारखं ते आहे. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डाफरलं की माणसं जोर लावतात. फक्त तो जोर एका दिशेने लागत नाही. गोणी उचलायच्या असतील तर एखाद वेळेस चालून जाईल. जिथे स्वयंपाकघर, काउंटर आणि हाउसकीपिंग यांचा मेळ बसल्यावरच पाहुण्याला जेवण गरम मिळतं, तिथे नुसत्या जोराचं काय करणार?

मग वाईट बातमी सांगायचीच नाही का?

इथून या विषयातला सगळ्यात धोक्याचा भाग सुरू होतो. कित्येक ठिकाणी ‘पॉझिटिव्ह राहा’ याचा खरा अर्थ ‘तक्रार करू नका’ असा असतो. ‘निगेटिव्ह बोलू नकोस’ म्हटलं की सुरक्षिततेतली त्रुटी, हिशेबातली गडबड, जादा ड्यूट्यांनी आलेला थकवा, सगळंच एका फटक्यात दाबता येतं.

एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटेच निघाले. चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कारण कळलं: त्या वॉर्डांत चूक झाली तर बोलता येत होतं. बाकी वॉर्डांत चुका कमी घडत होत्या असं म्हणता येत नव्हतं, त्या फक्त झाकल्या जात होत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी याला मानसिक सुरक्षितता म्हटलं. म्हणजे टीममध्ये प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळं मत दिलं तर आपला अपमान होणार नाही, ही सगळ्यांची खात्री.

चोडण, दिवाडी बेटांवरच्या खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतली मानस, बांधातलं ते पाण्याचं दार, ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन कळेल. भरती आली की पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारं मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला ती उघडतात आणि शेतात साचलेलं पाणी निघून जातं. बांध शाबूत राहतो तो या येण्याजाण्यामुळे. कुणी ‘पाणीच नको’ म्हणून मानस कायमची बंद केली, तर ऐन पावसात आतलं पाणी बांधावरच चढेल.

म्हणून मॅनेजरने ब्रीफिंगला ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारू नये. त्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं, लोक माना डोलावतात. ‘आज कुठे अडकायची शक्यता आहे?’ असं विचारावं. आणि कुणी सांगितलं, की पहिली प्रतिक्रिया ‘बरं झालं सांगितलंस’ हीच असावी, भले आतून वैताग आलेला असो. पहिल्या सांगणाऱ्याचं काय होतं हे बाकीचे बघत असतात. त्याला झापलं, तर पुढचे कित्येक महिने दुसरा कुणी तोंड उघडत नाही.

आशावादी माणूस आंधळा होत नाही का?

होऊ शकतो, आणि याचेही पुरावे आहेत. कामाला लागणारा वेळ माणसं सवयीने कमी धरतात, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच नोंदवलं होतं. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? त्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. सगळं बिनसलं तर किती लागतील, याचा त्यांनी दिलेला अंदाजही 49 च्या आतच होता! घर बांधायला काढलेल्या किंवा रस्त्याचं काम संपायची वाट बघणाऱ्या गोवेकराला या आकड्यांचं नवल वाटायचं कारण नाही.

यावर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक युक्ती मला फार आवडते. काम सुरू करण्याआधी टीमला बसवायचं आणि सांगायचं, ‘समजा सहा महिने झाले आणि हे काम पार फसलं. का फसलं, ते प्रत्येकाने कागदावर लिहा.’ शंका काढणारा एरवी ‘निगेटिव्ह’ ठरतो. इथे तीच शंका त्याचं काम होते. डिसेंबरच्या गर्दीआधी कुठल्याही हॉटेलने, आणि चतुर्थीआधी कुठल्याही मिठाईवाल्याने, अर्धा तास काढून हे करून बघावं.

आणि काही माणसांचा स्वभावच आधी वाईटाचा विचार करून तयारीला लागण्याचा असतो. ज्युली नोरेम यांनी अशा माणसांचा अभ्यास केलाय. त्यांना जबरदस्तीने खूश केलं, तर त्यांचं काम उलट बिघडतं. तुमच्या टीममधली जी बाई प्रत्येक कार्यक्रमाआधी ‘जनरेटरचं डिझेल बघितलं का?’ विचारते, तिला सकारात्मकतेचे धडे देऊ नका. तिच्यामुळेच तुमचे कार्यक्रम अंधारात गेलेले नाहीत.

हे आकडे तरी खरे कशावरून?

ही शंका रास्त आहे. या विषयात आकड्यांचा बाजारही मोठा आहे. 2005 मध्ये बार्बरा फ्रेड्रिकसन आणि मार्सिअल लोसाडा यांनी एका नामांकित नियतकालिकात लिहिलं, की सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचं प्रमाण 2.9013 ला एक यापेक्षा वर गेलं की माणूस आणि टीम बहरतात. चार दशांश स्थळांपर्यंत! जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत हा आकडा फिरला, अजूनही फिरतो. 2013 मध्ये निक ब्राउन या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांच्यासोबत दाखवून दिलं, की त्यामागचं गणितच निराधार आहे. लेखाचा तो गणिती भाग मागे घेतला गेला.

म्हणून कुणी ‘रोज तीन चांगल्या गोष्टींमागे एक वाईट’ असलं प्रमाण सांगितलं तर ते सोडून द्या. फ्रेड्रिकसन यांची मूळ कल्पना, की चांगल्या भावना माणसाची नजर रुंदावतात आणि त्याला नवे मार्ग सुचतात, ती या गणितावर उभी नाही. तिचा विचार वेगळा करायला हवा.

पण पगारच वेळेवर नसेल तर?

सगळ्या शंकांत ही सर्वांत मोठी, आणि गोव्याला ती फार जवळची आहे. 2012 मध्ये राज्यातल्या खाणी बंद झाल्या. नंतर काही काळ सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि त्या पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यात कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसं, बार्जवर काम करणारी माणसं, रस्त्याकडेला गॅरेज आणि चहाचं दुकान चालवणारी माणसं एकाच वेळी रिकामी झाली. अशा माणसाला ‘विचार बदल’ असं सांगणं ही क्रूरता आहे. त्याचा हप्ता त्याच्या विचारांमुळे थकलेला नव्हता.

इथे स्पष्टीकरणाची शैली कामाला येते, पण वेगळ्या तऱ्हेने. ‘मीच नालायक’ हा अर्थ चुकीचा आहे, कारण मूळ कारण बाहेर आहे, आणि ते तसं ओळखण्यानेच मन थोडं मोकळं होतं. त्यानंतर, हातात जे थोडं उरलंय तिथे हालचाल करता येते: बँकेशी हप्त्यांबद्दल बोलणं, संघटनेत जाणं, ट्रक विकायचा की ठेवायचा ते ठरवणं. यातून खाण सुरू होत नाही. खाणी, कायदा, पर्यावरण आणि पुनर्वसन हे सरकारने आणि समाजाने सोडवायचे प्रश्न आहेत, ते कुणा एकाच्या मनोवृत्तीवर ढकलता येणार नाहीत.

हेच कामाच्या जागेलाही लागू आहे. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, असं त्याचं मूळ सांगितलं. या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक यांनीही कारणं शोधली ती कामाच्या बोज्यात, हातात किती निर्णय आहेत त्यात, मोबदल्यात, न्याय्य वागणुकीत. सलग दहा दिवस डबल ड्यूटी करणाऱ्याला तणावमुक्तीच्या सत्राला बसवण्याऐवजी त्याला अकराव्या दिवशी सुट्टी द्या. सकारात्मक नेतृत्वाचा कितीतरी भाग ड्यूटीच्या तक्त्यातच असतो, आणि तो तक्ता कोण करतं हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि हे विचारांच्या पलीकडचं असेल तर

एखादा माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ झोपू शकत नाही, जेवण जात नाही, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, जगून काय करायचं अशी भाषा करतो. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. इथे ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटलं, तर त्याला एवढंच ऐकू येतं की हेही मला जमत नाही. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.

अशा वेळी वरिष्ठाने करायच्या गोष्टी अगदी थोड्या आहेत. त्या माणसाला बाजूला घेऊन, दार लावून, ‘बरं वाटत नाहीये का?’ एवढं विचारायचं आणि मग मध्ये न बोलता ऐकायचं. डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस लागतो, त्या रजेवर सही करायची. रात्रपाळी असेल तर काही आठवडे दिवसाची द्यायची. आणि चार लोकांत त्याची वाच्यता करायची नाही.